पोझ नको, वस्ती पाहिजे : समाजमंदिरातल्या एका लग्नाचे फोटो

लग्नाचे फोटो हा माझा धंदा. परभणीत छोटासा स्टुडिओ आहे आणि आमच्याकडं लग्नाची ऑर्डर म्हणजे काय ते सगळ्यांना पाठ आहे. ट्रॅडिशनलला एक जण, कॅंडिडला एक जण, एक व्हिडिओवाला, वर इन्स्टासाठी टीजर, आणि शेवटी १२ बाय ३६ च्या शीटचा करिझ्मा अल्बम ज्यात नवरा-नवरी ढगात उभे आणि मागं कुठलातरी बर्फाचा डोंगर. नावं ठेवायला नाही सांगत, त्याच्यावरच घर चालतं माझं.

मागच्या मे महिन्यात जिंतूर तालुक्यातल्या एका गावातली ऑर्डर आली. नवरी पुण्याला बँकेत, वडील एसटीत कंडक्टर होते ते आता रिटायर. फोन नवरीनंच केला हे विशेष, कारण फोटोवाल्याशी बोलणी मामा नाहीतर भाऊ करतो आणि पहिला प्रश्न 'किती घेता' असतो. हिचा पहिला प्रश्न, लोकांना उभं न करता फोटो काढता येतात का तुम्हाला? म्हणलं काढतो की ताई, कॅंडिड तर रोजच काढतो. तर म्हणली, कॅंडिड नको दादा, त्यात पण तुम्ही लोक 'हसा जरा, एकमेकांकडं बघा' म्हणताच ना. आता यावर काय बोलणार. आमच्याकडं कॅंडिडच्या नावाखाली जे चालतं ती पोझच असते, फक्त कॅमेऱ्याकडं बघायचं नसतं एवढाच फरक.

तिला पाहिजे होतं डॉक्युमेंटरी. म्हणजे लग्नात जे होईल ते जसं होईल तसं, आपण मधे पडायचं नाही, काही हलवायचं नाही, परत करायला लावायचं नाही. फोटोग्राफर सुधारक ओलवेंनी काढलेले मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो तिनं कुठंतरी बघितले होते (ज्यांना २०१६ ला पद्मश्री मिळाली ते), ते तिच्या डोक्यात बसले होते आणि तिचं म्हणणं की आमच्या वस्तीचं लग्न असं कुणी काढलंच नाही कधी. लग्न मंगल कार्यालयात नव्हतं, वस्तीतल्या समाजमंदिरात होतं, आणि कार्यालय परवडत नाही म्हणून नाही. समाजमंदिराच्या एका खोलीत अभ्यासिका आहे, तिथंच बसून तिनं बँकेच्या परीक्षेचा अभ्यास केला होता, त्यामुळं लग्न तिथंच हा तिचा हट्ट. वडील आधी नाराज होते, सोयरे काय म्हणतील वगैरे.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसलो. तिला सगळे फोटो ब्लॅक अँड व्हाईट पाहिजे होते, ओलवेंच्या त्या फोटोंसारखे. मी म्हणलं ताई, बौद्ध पद्धतीचं लग्न, नवरा-नवरी पांढऱ्यात, मागं निळे झेंडे, निळ्या भिंती, निळा गुलाल पण उधळणार वरातीत, आणि त्यातला निळा रंगच काढून टाकायचा? मग उरलं काय. दोन दिवस विचार करून रंगीतला हो म्हणली.

लग्नाच्या आधल्या आठवड्यात जाऊन हॉल बघून आलो, आणि तो बघितल्यावर घाम फुटला, नुसत्या उन्हानं नाही. समाजमंदिर म्हणजे कसं असतं ते ज्यांनी बघितलंय त्यांना माहितीय. आमदार निधीतून बांधलेलं, बाहेर निधीची पाटी, पुढं पत्र्याचं शेड, आत मधोमध दोन खांब (फोटोवाल्याचे पहिले दुश्मन), एका टोकाला ओटा, ओट्यावर बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचा मोठा फोटो, बाजूला रमाई, सावित्रीबाई, फुले, शाहू महाराज. एका बाजूला तीन खिडक्या, दुसरी बाजू पूर्ण बंद. आणि भिंती छातीपर्यंत कडक निळ्या ऑइल पेंटमधे, वर फिका निळा.

नवरी पांढऱ्या साडीत निळ्या भिंतीजवळ उभी राहिली की साडी पांढरी राहत नाही. भिंतीवरून उजेड निळा होऊन साडीवर, गालावर, हनुवटीखाली येतो. डोळ्याला कळत नाही कारण डोळा सवयीनं सांभाळून घेतो, कॅमेरा घेत नाही. फ्लॅश बाऊन्स करावा तर तो पण निळ्या भिंतीवरूनच आपटून येणार, म्हणजे माणूस आजारी दिसणार. त्यामुळं फ्लॅश बॅगेतच ठेवायचा हे तिथंच ठरलं. वर ट्यूबलाईटी, काही जुन्या चोकवाल्या काही नव्या एलईडी, प्रत्येकीचा रंग वेगळा. आपल्याकडं वीज ५० हर्ट्झची, म्हणजे असली लाईट सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते, आणि कॅमेरा सायलेंट शटरवर टाकला की फोटोत आडवे काळे पट्टे येतात. डॉक्युमेंटरी म्हणल्यावर सगळ्यांना वाटतं आवाज न करणारा कॅमेरा पाहिजे, पण या हॉलमधे सायलेंट शटर चालणारच नव्हतं. मेकॅनिकल म्हणजे खटखट आवाज करणारं शटर, स्पीड सेकंदाच्या १/१०० पेक्षा वेगात जायचं नाही, आणि कुणी जोरात हलला तर हलू दे, तो पण फोटोच आहे. दोन कॅमेरा बॉडी, एकीवर ३५ ची लेन्स (जवळून काढायला), दुसरीवर ८५ ची (जरा लांबून), आयएसओ म्हणजे कमी उजेडात काढायची सेटिंग ३२०० ते ६४००, व्हाईट बॅलन्स म्हणजे पांढरं ते पांढरंच दिसायची सेटिंग ऑटोवर न सोडता खिडकीपाशी ग्रे कार्ड (राखाडी पुठ्ठा) धरून एकदाच सेट केलेली. खुर्च्या कशा मांडणार ते बघून घेतलं आणि नवरीच्या भावाला एवढंच सांगितलं की खिडक्यांना पडदे लावू नका. तेवढी एकच गोष्ट मी त्या लग्नात 'अशी करा' म्हणून सांगितली.

लग्न रविवारचं होतं. मुहूर्त बघायचा नसतो त्यामुळं लोकांना सुट्टी असते तो दिवस धरतात, सोपं काम. मी शनिवारी दुपारीच जाऊन बसलो, आणि माझ्या मते अर्धे चांगले फोटो त्या शनिवारचेच आहेत.

पोचल्या पोचल्या पोरं मागं लागली, 'ओ फोटोवाले, आमचा काढा ना'. डॉक्युमेंटरीवाले लोक इंटरनेटवर सांगतात की अदृश्य व्हा, भिंतीवरची माशी व्हा. वस्तीत दुपारी तीनला दोन कॅमेरे गळ्यात घालून फिरणारा माणूस अदृश्य कसा होणार मला सांगा. मी उलटं केलं, सगळ्यांचे काढले. बोटं दाखवून, चष्मे घालून, गाडीवर बसून, जसे पाहिजे तसे, आणि स्क्रीनवर दाखवले पण. तासाभरात पोरांचा इंटरेस्ट संपला आणि मला मोकळीक मिळाली. चहा प्यायलो, कंडक्टरकाकांनी माझी सगळी कुंडली विचारून घेतली, गाव कोणतं, वडील काय करतात, मामाचं गाव कोणतं. मग त्यांनीच एकाला हाक मारून सांगितलं, "आपलं लेकरूच हाय हे, फिरू द्या सगळीकडं." मोठी लेन्स लावून लांबून गुपचूप काढणारे पण आहेत, मला ते कधीच पटलं नाही. ज्याला माहितीच नाही की आपला फोटो निघतोय त्याचा फोटो म्हणजे चोरीच वाटते मला.

संध्याकाळी समाजमंदिराच्या मागं भट्ट्या पेटल्या. आचारी बाहेरचा एकच, बाकी सगळी वस्ती. शेडखाली बायांचा गोल बसलेला, लसणाचा ढीग मधे, आणि बोलणं असं चाललेलं की ते इथं लिहिता येत नाही. पोरं वांगी धुवायलेत, कुणीतरी खुर्च्या मोजायलंय, कुणी पाण्याच्या टँकरला फोन लावायलंय.

बुंदी पाडणं मी लहानपणापासून बघत आलोय पण कॅमेऱ्यातून पहिल्यांदाच बघितलं. एक काका होते, बनियनवर, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. डाव्या हातात झारा कढईच्या वर एक वीतभर धरलेला, दुसरा माणूस त्याच्यावर बेसनाचं पातळ पीठ ओततो, आणि काका उजव्या हातातल्या लाकडानं झाऱ्याच्या दांडीवर ठक ठक ठक मारत राहतात. थेंब तेलात पडतो, खाली जातो, आणि फुगून वर येतो. ठोका हळू झाला की बुंदीला शेपूट येतं, म्हणून ते बोलता बोलता पण ठोका चुकवत नव्हते. एका बाजूनं हॅलोजनचा पिवळा उजेड, खालून भट्टीचा लाल, मधे वाफ. ३५ घेऊन इतका जवळ गेलो की काका म्हणले, "जरा मागं सर लेकरा, उडलं तर काचेला लागंल." लेन्सच्या फिल्टरवर तेलाचे बारीक ठिपके आलेच, रात्री पुसत बसलो. पण ठोक्याचा हात हललेला, चेहरा शांत, आणि झाऱ्याखाली पिवळ्या थेंबांच्या रेघा असा एक फोटो आला. १/१०० मुळंच तो हात तसा हलला.

रात्री हळद. हळद लावावी का नाही यावर घरात आधीच एक चर्चा झाली होती म्हणे, लग्न लावणाऱ्या बौद्धाचार्यांनी स्पष्ट सांगितलेलं की आपल्यात हे नाही. आत्या म्हणल्या, आमची हौस आहे. शेवटी हळद लागली पण मांडव, देवक असलं काही नाही, नुसती हळद आणि डीजेवर भीमगीतं. मी दोन्ही बाजूचे चेहरे काढले, हळद लावणाऱ्या आत्याचा आणि लांब खुर्चीवर बसून हे बघणाऱ्या एका मामांचा पण. अल्बममधे मामा ठेवायचे का हे नवरीला विचारलं, तर म्हणली ठेवा, ते तसेच बसतात प्रत्येक हळदीला.

रविवारी पत्रिकेवर वेळ १२.३० होती, म्हणजे दोन वाजणार हे सगळ्यांना माहिती. पाहुणे आले, त्यांच्याबरोबर त्यांचा व्हिडिओवाला आला आणि खरी परीक्षा सुरू झाली. नवऱ्याकडच्यांनी स्वतःचा ट्रॅडिशनल सेट बुक केलेला होता. त्याच्याकडं खांद्यावर एलईडी लाईट, आणि त्याचा माणूस दर दोन मिनिटाला 'इकडं बघा, हात तसाच ठेवा, परत घाला हार'. आता त्याला काय बोलणार, तो त्याचं काम करतोय. चहाच्या टपरीवर नेलं आणि समजावलं. तो म्हणला, भाऊ तुमचं बरंय, तुम्हाला नवरीनं सांगितलंय पोझ नको, मला नवऱ्याच्या चुलत्यानं सांगितलंय प्रत्येक पाहुणा समोरून दिसला पाहिजे, नाही दिसला तर माझे पैसे कापणार. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. शेवटी एवढं ठरलं की प्रतिज्ञा चालू असताना त्यानं लाईट बंद ठेवायची आणि बदल्यात मी स्टेजवरच्या ग्रुप फोटोच्या वेळी त्याच्या समोरून फिरायचं नाही. धंद्यातली माणसं बसून बोलली तर जमतं सगळं.

विधी तसा छोटाच. बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढं मेणबत्ती, अगरबत्ती, फुलं, मग त्रिशरण-पंचशील, सगळा हॉल एका आवाजात म्हणतो. त्यावेळी मी नवरा-नवरीकडं पाठ केली आणि हॉलकडं बघून फोटो काढले. शंभर-दीडशे माणसं हात जोडून, कुणाचे डोळे मिटलेले, एक बाई जोडलेल्या हातांच्या बोटांत मोबाईल धरून, एक पोरगं आईच्या पदरातून माझ्याकडं बघत. लग्नात फोटोवाला कायम स्टेजकडं तोंड करून असतो, आणि जे बघायला आलेत त्यांना काय दिसतंय हे कुठल्याच अल्बममधे नसतं.

मग प्रतिज्ञा. बौद्धाचार्यांनी मला आधीच समजावून सांगितलं होतं की सिगालोवाद सुत्तात (बुद्धांनी संसारी माणसाला केलेला उपदेश) नवऱ्याची बायकोविषयी पाच आणि बायकोची नवऱ्याविषयी पाच कर्तव्यं सांगितलीत, त्याच्यावरून या प्रतिज्ञा आहेत, त्यामुळं नवऱ्याला पण तेवढंच कबूल करावं लागतं जेवढं नवरीला. ते माईकवर एक एक वाक्य सांगायचे आणि नवरा मागं म्हणायचा. नवऱ्याची तिसरी का चौथी चालू असताना लाईट गेली. मे महिना, परभणी जिल्हा, यात नवल काहीच नाही, जनरेटर होता पण जनरेटरवाला जेवायला बसलेला. पंखे थांबले, माईक बंद, ट्यूबलाईटी बंद. बौद्धाचार्य थांबलेच नाहीत, फक्त आवाज चढवला. मागच्यांना ऐकू येईना म्हणून लोक खुर्च्या सोडून पुढं सरकले आणि ओट्याभोवती कोंडाळं करून उभे राहिले.

आणि उजेड फक्त तीन खिडक्यांचा. सगळ्या भानगडी एका फटक्यात मिटल्या, ना पट्टे, ना चार रंगांच्या ट्यूब, ना डीजेचा जांभळा लाईट. खिडकीकडचा अर्धा चेहरा उजेडात, उरलेल्या अर्ध्यावर भिंतीचा हलका निळा. नवरी तिच्या प्रतिज्ञा म्हणत होती, नवरा तिच्याकडं न बघता खाली बघत होता, आणि मागं नवरीची आजी पत्रिकेनं वारा घालत होती, स्वतःला नाही, पुढं उभ्या असलेल्या एका अनोळखी म्हातारबाबाला. फोकस आजीवर धरला. व्हिडिओवाला पण बिनलाईटीचा उभा होता, शब्दाला जागला गडी.

जयमंगल अष्टगाथेला अक्षता नसतात, फुलं टाकतात. आठ गाथा, म्हणजे पाकळ्या उडायचे आठ चान्स, आणि प्रत्येक वेळी टाकायची पद्धत वेगळी. पहिल्या गाथेला सगळे शिस्तीत टाकतात, चौथीपर्यंत हातातल्या संपतात, मग खाली पडलेल्या उचलून टाकणं सुरू होतं, आणि शेवटच्या दोन गाथांना पोरं एकमेकांनाच मारतात. मला शेवटच्या दोन सगळ्यात जास्त आवडल्या. शेवटी साधू साधू साधू झालं, हार घातले, आणि तेवढ्यात जनरेटर चालू झाला, एकदम बरोबर टायमिंग.

जेवणं, आहेर, वरात यावर जास्त लिहीत नाही, फक्त आहेराच्या वहीचं सांगतो. दाराशी एक मामा टेबल टाकून वही घेऊन बसलेले, कुणी किती दिले ते लिहायलेत, १०१, २०१, ५०१, टॉवेल-टोपी, भांडी. फोटो म्हणून जबरदस्त चीज. पण त्या पानावर नाव आणि रक्कम स्पष्ट वाचता येते, आणि उद्या अल्बम बघताना 'अमक्यानं एवढेच दिले का' हे सुरू होणार. म्हणून फोकस मामांच्या अंगठ्यावर आणि पेनावर, पान पूर्ण धूसर. डॉक्युमेंटरी म्हणजे सगळंच दाखवायचं असं नसतं. तसंच नवरीला वाटं लावताना कंडक्टरकाका शेडच्या मागं जाऊन उभे राहिले, मी तिकडं गेलो नाही. गेलो असतो तर फोटो भारी मिळाला असता, माहितीय मला.

पण सगळ्यात मोठी पंचाईत झाली ती ग्रुप फोटोवरून. माझ्या डोक्यात पक्कं होतं की स्टेजवरची रांग हे आपलं काम नाही, त्याला व्हिडिओवाला आहे. आणि आजी येऊन समोर उभी राहिली. "माझ्या लग्नाचा एक बी फोटो नाही. कोण आलतं, कोण नव्हतं, आता कुणाला इचारू, सगळे गेले. मला सगळ्यांच्यासंगं समोरून काढ." आजीचा सासरा १९५६ ला दीक्षेला नागपूरला गेलता, तिथला पण फोटो घरात नाही, नुसतं सांगणं आहे. आता हिला मी काय सांगणार की आजी, ही शैली वेगळी आहे? ज्या घरात मागच्या पिढीचा कागदावर काही पुरावाच नाही तिथं वीस माणसं ओळीत उभी राहून सरळ कॅमेऱ्यात बघतात, तो फोटो माझ्या सगळ्या खिडकीच्या उजेडापेक्षा मोठा डॉक्युमेंट आहे. काढले मग, आजीला मधे खुर्चीवर बसवून, आधी घर, मग भावकी, मग गल्ली, आणि शेवटी बुंदीवाले काका आणि लसूण सोलणाऱ्या बाया पण बोलावल्या, कारण त्या कधीच कुठल्या ग्रुपमधे नसतात. फक्त 'हसा' म्हणलो नाही. कुणीच हसलं नाही, सगळे ताठ उभे, हात मांडीला चिकटवून. झकास आलेत.

एडिटिंगला नेहमीपेक्षा जास्त वेळ गेला, कारण नेहमी आपल्याकडं प्रीसेट (तयार सेटिंग) मारला की काम होतं, चेहरे गोरे, बॅकग्राऊंड धूसर. इथं चेहरे गोरे करायचे नाहीत हे पहिल्या फोनवरच बोललं गेलं होतं. सावळं ते सावळंच. साडीवर आलेला निळा रंग तेवढाच भाग निवडून (मास्क लावून) कमी केला, पूर्ण काढला नाही. फोटो निवडताना पण सवय मोडावी लागली, जिथं नवरा-नवरी नाहीतच असे फोटो मी एरवी सरळ डिलीट करतो, यात अर्ध्याच्या वर तसलेच राहिले. करिझ्मा केला नाही. साधं मॅट कागदाचं पुस्तक, एका पानावर एक फोटो, ढग नाहीत, हार्ट नाहीत. आणि ग्रुप फोटोंचे वेगळे प्रिंट काढून पाकिटात दिले, जास्तीचे.

पुस्तक द्यायला गेलो तेव्हा कंडक्टरकाकांनी पानं उलटली आणि पहिलं काय विचारलं तर, नवरीचे एवढेच का? नवरी व्हिडिओ कॉलवर होती, ती हसायला लागली. पण पाचव्या मिनिटाला पुस्तक त्यांच्या हातात राहिलंच नाही, शेजारच्या बाया घेऊन बसल्या, 'अगं ही तू बघ की', 'माझा पदर बघ कसा आलाय', आणि ज्या बाईचा लसूण सोलतानाचा फोटो होता ती मला रागानं म्हणली की चांगली साडी नेसल्यावर काढायचा होता ना. तिचं बरोबर आहे. तिला दुसऱ्या दिवशीचा, ग्रुपमधला, चांगल्या साडीतला दाखवला तेव्हा जरा शांत झाली, आणि लसणाचा फोटो पुस्तकात राहू देऊ का विचारलं तर म्हणली राहू द्या आता, आलाय तर.

पैशाचं म्हणाल तर नेहमीच्या ऑर्डरपेक्षा थोडं कमीच सुटलं, दोन दिवस गेले आणि अल्बमचं मार्जिन नाही. आता असली ऑर्डर घेतली तर आधला दिवस धरूनच रेट सांगतो, आणि ग्रुप फोटोसाठी पाऊण तास आधीच ठरवून ठेवतो. त्याच वस्तीतून दिवाळीनंतरच्या लग्नाचा फोन आलाय, बुंदीवाल्या काकांच्या पोराचं आहे. त्याला अगदी तसंच पाहिजे, पोझ नको, सगळी वस्ती आली पाहिजे, आजीला बसवलं तसं आमच्या आजीला पण बसवा. आणि ड्रोन पाहिजे म्हणतोय. बोलणी चालू आहेत.